खराब रात्रींचा माणूस

"आपल्या मनोऱ्याला यंदा दहा वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त स्मरणिका काढत आहोत. त्या पतंगवाल्या भाऊंवर तुम्ही काहीतरी हलकंफुलकं लिहून द्यावं. पाचशे शब्द पुरेत. फार गंभीर नको." संस्थेचं हे पत्र वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पतंगवाले भाऊ म्हणे! ज्या माणसाला तुम्ही एका कागदावर हाकलून दिलंत, त्याच्या आता गमतीजमती पाहिजेत, आणि त्या लिहायच्या कोणी तर मी. तो कागद माझ्याच हातचा होता, हे पत्र लिहिणाऱ्याला माहीत नसेल असं मुळीच नाही. माहीत आहे म्हणूनच मला सांगितलंय. मी गंमत लिहिली की सगळ्यांचंच निभावलं.

ठीक आहे, लिहिते. पाचशे शब्दांत मात्र बसणार नाही.

केळझरच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की सागवान लागतं. त्या सागवानात आमचा मनोरा. लोखंडी, झाडांच्या शेंड्यांहून दुपटीनं उंच, चार बाजूंनी तारांनी ताणलेला. वरच्या टोकाला दोन यंत्रं. एक वारा मोजणारं, एक हवेतला कार्बनचा वायू मोजणारं. दोन्ही मिळून सांगतात की जंगलानं किती घेतलं आणि किती सोडलं. दिवसा पानं वायू ओढतात, रात्री झाडं, मुळं आणि माती मिळून तो सोडतात. घेतलेल्यातून सोडलेलं वजा केलं की जंगलाची खरी कमाई कळते. आमचं सगळं काम या एका वजाबाकीचं. मी तिथं पीएचडी करायला गेले. भाऊ तिथं आधीपासून होते. हुद्दा तांत्रिक सहायक, नेमणूक अकरा महिन्यांची, आणि दर अकरा महिन्यांनी ती पुन्हा. शिक्षण एमएस्सी फिजिक्स, नागपूरहून. गाव वडनेर.

पहिल्या दिवशी मी भर दुपारी पोचले. मनोऱ्याखाली पत्र्याची खोली होती. आत बॅटऱ्यांच्या रांगेपाशी चटईवर एक हडकुळा माणूस तोंडावर माकडटोपी ओढून झोपलेला. बाहेर बेचाळीसचं ऊन, आणि हा माकडटोपीत. मी दोनदा खाकरले, मग दार वाजवलं. टोपी जरा वर झाली.

"कोण हो?"

मी नाव सांगितलं, काम सांगितलं. साहेबांनी दाखवायला सांगितलंय, असंही सांगितलं.

"आता जंगल घेऊन राह्यलं, मॅडम," टोपी पुन्हा खाली आली. "घेतानी कोणीबी पाह्यते. सोडतानी या. दिवस बुडाल्यावर."

आणि खरंच झोपले. मी बाहेर सागाच्या सावलीत पाच तास बसून राहिले. संतापले होते. हा माणूस कामचुकार आहे असं माझ्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि ते पान उघडलं की मला माझाच राग येतो.

भाऊंच्या विक्षिप्तपणाच्या कथा संस्थेत चवीनं सांगितल्या जायच्या. मनोऱ्यावर ते अनवाणी चढत, थंडीतसुद्धा. लोखंड बर्फासारखं असायचं. विचारलं तर म्हणायचे, "तळपायाले वारा कळते. बुटातून काय कळन?" वारा सुटला की मनोऱ्याच्या पायऱ्या बारीक थरथरतात. यंत्राच्या पडद्यावर आकडा हलायच्या आधी भाऊ म्हणायचे, आला. आणि आकडा हलायचा. ते सगळ्यांना तुम्ही म्हणत. शिपायाला तुम्ही, गुराख्याच्या पोट्ट्यांना तुम्ही, खोलीत येऊन पडणाऱ्या लूत लागलेल्या कुत्र्यालाही तुम्ही. "सरका जरा, तुमचे पाय वायरवर हायेत," असं ते कुत्र्याला म्हणताना मी स्वतः ऐकलंय. फक्त संस्थेच्या संचालकांशी बोलताना ते तू नाही, तुम्ही नाही, काहीच वापरत नसत. "चहा ठेवला हाये. प्यायचा असन तर." एवढंच. संचालकांच्या ते लक्षात यायचं आणि त्यांचे कान लाल व्हायचे.

त्यालाही कारण होतं. पाहुणे आले की भाऊंचं काम ऐकून आधी वाहवा करत, मग आडनाव विचारत, आणि आडनाव ऐकलं की त्यांचा आवाज बदले. संचालकांनी एकदा माझ्यासमोर, भाऊंच्या पाठीमागे, "कुठून कुठून भरती होते, काय करणार," असं म्हटलं होतं. मी ऐकून घेतलं. भाऊंनीही ऐकलं असणार, कारण पत्र्याच्या खोलीत काहीच लपत नाही. त्या संध्याकाळी बॅटऱ्यांत पाणी घालताना ते आपणहून म्हणाले, "माह्या आज्यानं छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली. घरी येऊन आजीले म्हणाला, आजपासून पाह्यल्याशिवाय काईच मानायचं नाई. देव नाई, साहेब नाई. मी वाऱ्याचंबी तेच करून राह्यलो."

आता पतंगाचं सांगते, कारण तुम्हाला तेच हवं आहे.

मनोऱ्यापासून चांगलं अर्ध्या किलोमीटरवर, नाल्यापलीकडे, एक मोकळं पडीत होतं. हिवाळ्यात आकाश निरभ्र असलं की भाऊ दिवस बुडायच्या सुमाराला तिथं जात. पतंग त्यांनी स्वतः केलेला, दोन्ही हात पसरावेत एवढा, वावभर लांब, बांबूच्या कामट्या आणि फाटक्या छत्र्यांचं कापड. शेपटीला टॉर्चचा छोटा दिवा. दोरा हिंगणघाटच्या जिनिंगमधून आणलेला, कापसाच्या गोणी शिवायचा, दर पन्नास हातांवर लाल रंगाची खूण केलेला. आणि दोऱ्याच्या टोकाला रद्दीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा, बाभळीच्या बुंध्याला बांधलेला. पतंग ओढायचा आणि काटा ते वजन दाखवायचा. शेजारी जमिनीत उदबत्ती खोचलेली.

मी पहिल्यांदा गेले ते टिंगल करायलाच. खोलीवर परतून मैत्रिणीला फोनवर काय काय सांगायचं, ते वाटेतच ठरवलं होतं.

दिवस मावळताना जी थोडी झुळूक असते तिच्यावर पतंग वर गेला. मग झुळूक पडली. इतकी पडली की उदबत्तीचा धूर सरळ उभा राहिला, आणि मग हळूहळू वाकून नाल्याच्या उताराकडे सरपटत गेला. पान हलेना. माझ्या गालाला काहीच लागत नव्हतं. आणि काटा मात्र वाढत चालला होता. दोन किलो, अडीच, तीन. दोरा ताणून त्याचा आवाज यायला लागला. मी दोऱ्याला हात लावला तर हिसक्यानं बोट कापलं.

"शांत हाये म्हणता ना?" भाऊ म्हणाले. "तुमच्या पायापाशी शांत हाये. वर नदी वाहून राह्यली."

मग त्यांनी मला ते समजावलं, जे मी पुस्तकात वाचलं होतं आणि मला अजिबात कळलेलं नव्हतं. रात्री जमीन गार होते, तिच्यावरची हवा गार आणि जड होऊन झाडांखाली बसते. जंगल वायू सोडत असतं, पण तो वर जातच नाही. झाडांखाली साठत राहतो, नाल्यानं खाली उतरतो. मनोऱ्यावरच्या यंत्राला वाटतं, जंगलानं काही सोडलंच नाही. इकडे वरची हवा खालच्या जमिनीच्या घर्षणातून मोकळी होते आणि जोरानं वाहू लागते, काहीशे मीटरवर, पट्ट्यासारखी. ती वाहता वाहता खालच्या हवेला घासते. घासून घासून एखाद्या वेळी ते झाकण फुटतं, वारा झाडांत उतरतो आणि साठलेलं सगळं एका दमात वर येतं.

"डबक्यावर नदी आली म्हणजे काय होते? तसंच. जंगल उसासा टाकते. पाच मिनिटं, धा मिनिटं. मंग पुन्हा चूप."

"कधी?"

"ते काय सांगून येते का? बसा."

बसलो. थंडीनं माझे दात वाजत होते. बऱ्याच वेळानं दूर मनोऱ्याच्या बाजूला सागाची वाळकी पानं वाजली, आधी शेंड्यावर, मग खाली. उदबत्तीचा धूर एकदम फाटला. माझ्या तोंडावर जंगलाचा वास आला, ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा. आम्ही धावत मनोऱ्याखालच्या खोलीत गेलो. पडद्यावर वायूचा आकडा उभा चढलेला होता, वरच्या कडेला भिडलेला, आणि आमच्या डोळ्यांदेखत उतरला. भाऊंनी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, काट्याचं वजन लिहिलं, पुढे लिहिलं: वारा उतरला. अक्षर मोत्यासारखं.

मी हे सगळं पाहिलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या कापलेल्या बोटानिशी. हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवा.

अशी रजिस्टरं तीन. तीन हिवाळे. त्यांत फक्त वारा नव्हता. "वानर दांड्यावर बसले, पावणेपाच ते पाच, मोजू नये." "दव, यंत्र ओले, पहाटेपासून सूर्य येईपर्यंत मोजू नये." "कोळ्याने जाळे केले, काढले." यंत्र जिथं खोटं बोललं तिथं भाऊंनी स्वतः खोटं म्हणून लिहिलेलं होतं. बाकीच्या रात्री खऱ्या आहेत आणि त्या मोजल्या जाव्यात, एवढीच त्या माणसाची मागणी. पगारवाढ मागितली नाही, कायम करा म्हणाले नाहीत. माझ्या रात्री मोजा, म्हणाले.

आणि तिथंच घोडं अडलं. आमच्या धंद्यात नोंदी साफ करायची रीत असते. यंत्रावर पक्षी बसतो, दव पडतं, वीज जाते, त्यामुळे वेडेवाकडे आकडे येतात, ते काढावेच लागतात. ते काम माझं. मी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं की आकडा अचानक उभा चढला आणि उतरला की तो दोष समजायचा, आणि असे दोष ज्या रात्री आले ती रात्रच लाल करायची. लाल म्हणजे खराब. खराब रात्र काढून टाकायची आणि तिच्या जागी आजूबाजूच्या चांगल्या रात्रींची सरासरी भरायची. चांगल्या रात्री म्हणजे कोणत्या? ज्यांत वारा उतरलाच नाही. ज्यांत जंगलानं श्वास रोखून धरला होता त्या. म्हणजे आम्ही श्वास रोखलेल्या रात्री ठेवत होतो आणि सोडलेल्या फेकत होतो. त्यामुळे वजाबाकीत वजा करायला फारसं काही उरतच नव्हतं, आणि आमचं हे साधंसुधं सागवान कागदावर असं काही वायू पिणारं दिसायचं की पाहुणे तोंडात बोटं घालायचे.

संचालक त्या आकड्यावर बेहद्द खूश होते. तो आकडा घेऊन ते कुठं कुठं भाषणं देऊन आले. पुढच्या निधीची मंजुरी त्याच आकड्यावर यायची होती.

एका जानेवारीत ते मोठे पाहुणे घेऊन मनोऱ्यावर आले. खुर्च्या मांडल्या, केळझरहून पेढे आणले. एका पाहुण्यानं विचारलं, "हे जंगल वर्षाला किती कार्बन शोषतं?" संचालक उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून भाऊ म्हणाले,

"अन् सोडते किती, हे काऊन नाई विचारत?"

सगळे वळले. भाऊ रजिस्टर घेऊन पुढे आले. दाढी वाढलेली, पायात काही नाही. "या पाहा वेळा. वारा उतरला तवा जंगलानं सोडलं. या साऱ्या रात्री काढून टाकून राह्यले हे लोक. घेतलेलं मोजता अन् सोडलेलं पुसता, हे कायचं शास्त्र हाये?"

"भाऊ आमचे फार हौशी आहेत," संचालक हसत म्हणाले. "रात्री पतंग उडवतात."

पाहुणेही हसले. मला आठवतं, मीही हसले. फार नाही, थोडंसं, चारचौघांत हसावं लागतं तेवढं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसांमध्ये दोऱ्याला बोट लावलेली मी एकटीच होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. मी मूग गिळून उभी राहिले.

गाड्या गेल्यावर संचालकांनी मला बाजूला घेतलं. "हे तुमचे उभे आकडे. अहवालात त्यांचं काहीतरी कारण द्यावं लागेल. नुसतं खराब म्हणून चालत नाही, कारण लागतं. विचार करा." मी म्हटलं, दव असेल. ते म्हणाले, "दव दर रात्री पडतं. हे कधी कधीच येतात." मग, अगदी सहज सुचल्यासारखं, "ते पतंग नेमका कुठल्या रात्री उडवतात?"

त्यांना काय हवं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. कळलं नव्हतं असं मी आजवर खूप जणांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. पतंग निरभ्र थंड रात्री उडायचा, कारण वरची नदी त्याच रात्री वाहते. उभे आकडेही त्याच रात्री यायचे, कारण वारा त्याच रात्री उतरतो. दोन्हींच्या तारखा जुळत होत्या आणि जुळणारच होत्या. हा माणूस वारा असेल त्या रात्रीच वारा मोजायला जायचा, हाच त्याचा गुन्हा ठरला. मी अहवालात लिहिलं: "मनोऱ्याच्या परिसरात कर्मचाऱ्याकडून उडवल्या जाणाऱ्या पतंगाच्या दोऱ्यामुळे यंत्रांच्या नोंदींत व्यत्यय आला आहे." अर्ध्या किलोमीटरवरून, नाल्यापलीकडून, मनोऱ्याकडे कधी न आलेल्या दोऱ्यामुळे. खाली माझी सही.

महिन्याभरात भाऊंचे अकरा महिने संपले आणि पुढचे आले नाहीत. नेमणूक संपल्याच्या पत्रात माझं वाक्य जसंच्या तसं होतं. भाऊंनी ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. मला वाटलं, आता हा माणूस आरडाओरडा करेल. मी तयारी करून आले होते, उत्तरं जुळवून आले होते. ते म्हणाले, "तिसऱ्या रांगेतली बॅटरी पाणी लय पिते. आठवड्यातून दोनदा पाहत जा." रजिस्टरं टेबलावर ठेवली. कुत्र्याला म्हणाले, "येतो मी." पतंग काखेत धरून पायवाटेनं गेले. मी दारात उभी होते.

पुढचा हिवाळा आला. पतंग नव्हता, दोरा नव्हता, भाऊ नव्हते. आणि पहिल्याच निरभ्र थंड रात्रीनंतर मी पडदा पाहिला, तर आकडा उभा चढलेला. नंतरच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या नंतर पुन्हा. मी एका संध्याकाळी बूट काढून मनोऱ्यावर चढले आणि अर्ध्यावर एका पायरीवर बसून राहिले. पाय बधिर झाले. काही कळत नव्हतं. मग कळलं. पायऱ्या बारीक थरथरल्या, शेंडे वाजले, तोंडावर तो वास आला. मी तिथं बसून रडले, आणि रडताना मला स्वतःचा इतका राग आला की डोकं लोखंडावर आपटावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी रजिस्टरं काढली आणि तीन हिवाळ्यांच्या माझ्या लाल रात्रींशी जुळवायला बसले. उभा आकडा होता तिथं भाऊंची वेळ होती, आणि पुढे त्या अक्षरात: वारा उतरला. वानर आणि दवाच्या रात्री सोडल्या, तर मी खराब म्हणून फेकलेली प्रत्येक रात्र त्या रजिस्टरात होती.

मी संचालकांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "थीसिस कधी सबमिट करताय?"

बस्स, एवढंच. आणि मी सबमिट केला. लाल रात्री काढून. आज माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते त्या रात्रींच्या जिवावर, आणि कॉलेजात पोरी मला मॅडम म्हणतात. मनोऱ्यावरची मॅडम आणि ही मॅडम एकच आहे, हे मी इतकी वर्षं विसरायचा प्रयत्न करत होते.

यंदा मार्चमध्ये मी जामला गेले. चौकातून समुद्रपूरकडे वळणाऱ्या रस्त्यावर ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा आहे, तिथं भाऊ रातपाळी करतात असं कळलं होतं. मागे दोन खोल्यांचं घर. मी गेले ती भर दुपार. दार भाऊंच्या बायकोनं उघडलं. मी नाव सांगितलं. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमीच का त्या? कागदवाल्या?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"झोपले हायेत. रातपाळी असते." दार लावावं की नाही याचा विचार त्या करत असताना आतून आवाज आला, "येऊ दे त्याईले."

भाऊ चटईवर उठून बसले होते. माकडटोपी तीच, दाढी पांढरी झालेली. भिंतीला पतंग टांगलेला, छत्रीच्या कापडाला नवी ठिगळं. खाली पत्र्याच्या पेटीवर रजिस्टरांची चळत. पाच असावीत, सहा असावीत. त्यांनी थांबवलं नव्हतं.

"जंगल नाई," माझी नजर पाहून ते म्हणाले. "पन वारा हाये. काट्यावर रातचे गाड्या कमी असल्या की गच्चीवर जातो."

मी बोलायला लागले. घरून पाठ करून गेले होते. मी चुकले, मला माहीत होतं, तरी लिहिलं, तुमच्याशिवाय पुढच्या हिवाळ्यातही आकडे तसेच आले, रजिस्टर जुळवून पाहिलं, सगळं खरं होतं, मला माफ करा. बोलता बोलता रडू आलं. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पाणी आणलं नाही. बरोबरच केलं.

भाऊंनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "ते आकडे आले हे मले माहीत होतं. वारा का मले विचारून येते? तुमाले पहिल्याच हिवाळ्यात कळलं म्हणता. मंग आता काऊन आल्या?"

"माफी मागायला."

"म्हणजे घ्यायले आल्या." ते रागावलेले नव्हते. निदान आवाज तसा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. "माफी तुमाले पाहिजे. मी देईन, तुमी घरी जासान, झोप लागन तुमाले. मले एक सांगा. त्या रात्री परत टाकल्या का?"

"नाही."

"तो कागद खोटा होता, हे कुठं लिहिलं का?"

"नाही."

भाऊंनी टोपी खाली ओढली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी उठले. उंबऱ्यापर्यंत आले तेव्हा मागून आवाज आला, "मॅडम. येजा पुन्हा. पन रात्री घेऊन येजा."

मूळ नोंदी आणि त्या तीन रजिस्टरांच्या प्रती माझ्याजवळ होत्या. नोंदी कोणी पुसलेल्या नसतात, फक्त लाल करून बाजूला ठेवलेल्या असतात. दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. वानर काढले, दव काढलं, कोळी काढला, भाऊंनी मोजू नये म्हटलेलं सगळं काढलं आणि बाकीच्या साऱ्या रात्री परत टाकल्या. जंगलाची ती डोळे दिपवणारी कमाई पुष्कळ खाली आली. साधं सागवान आहे ते, साध्या सागवानाएवढंच घेतं आणि सोडतं. मग मी संस्थेला आणि विद्यापीठाला पत्र लिहिलं की अहवालातलं ते वाक्य खोटं आहे, मी ते जाणूनबुजून लिहिलं, आणि माझ्या थीसिसमधला आकडा चुकीचा आहे. पदवीचं काय करायचं ते विद्यापीठानं ठरवावं. विद्यापीठाची चौकशी समिती बसली आहे. कॉलेजात कुजबुज सुरू झाली आहे. होऊ दे.

संस्थेकडून मात्र त्या पत्राला एका अक्षराचंही उत्तर नाही. उत्तर म्हणून हे स्मरणिकेचं आमंत्रण. हलकंफुलकं लिहा म्हणे. पतंग लिहा, माकडटोपी लिहा, कुत्र्याला तुम्ही म्हणायचे ते लिहा, लोक हसतील. अहो, लोक एकदा हसले आहेत. त्या खुर्च्यांवर बसून, पेढे खाऊन हसले आहेत, आणि त्यांच्यात मी होते.

हे तुम्ही छापणार नाही, मला माहीत आहे. छापायचंच तर एक ओळ छापा: पतंगाचा दोरा मनोऱ्यापर्यंत कधीच आला नव्हता. त्याखाली माझं नाव घाला, पूर्ण, मागच्या डॉक्टरसकट, जोवर ते आहे तोवर. बाकीची पानं संचालकांच्या फोटोंनी भरा.

रात्रींची फाइल मी पिशवीत भरून ठेवली आहे. जाड झाली आहे, पिशवीचे बंद ताणले जातात. उद्या सकाळच्या बसनं जामला जाते. पोचेन तेव्हा भर दुपार असेल, भाऊ टोपी ओढून झोपलेले असतील, आणि बाई दारात आडव्या उभ्या राहतील. राहू देत. मी त्यांना उठवणार आहे.